एका भावाचे दोन आकडे

(लातूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचं सोयाबीन आडत बाजारात जातं, म्हणून फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रामिंगचं उदाहरण तिथलंच घेतो. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले आकडे आपोआप बदलावेत, अशी प्रोग्राम लिहिण्याची ही पद्धत. एका आडत दुकानासाठी मी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला होता. भाव बदलला की खरेदीदाराच्या मोबाईलवर देण्याच्या रकमेचा मेसेज जायचा. एके दुपारी मुनीमजींचा फोन आला. "सर, एकाच मालाचे दोन मेसेज गेले की हो. आधी ४२,८००, लगेच ४२,८४०. पार्टी विचारायली, खरं कोणतं धरायचं?"

माल दहा क्विंटल. भाव ४,००० चा ४,२०० झाला, म्हणून किंमत ४०,००० ची ४२,००० झाली. आडत, म्हणजे दुकानाची दलाली, दोन टक्के धरलेली, ती ८०० ची ८४० व्हायची होती. देणं म्हणजे या दोन्हींची बेरीज. पण माझ्या कोडमध्ये किंमत बदलल्याबरोबर तिने आधी देण्याला हाक मारली, आडतीला नंतर. देण्याने किंमत नवी घेतली आणि आडत जुनीच. याला ग्लिच म्हणतात. नुसत्या पडद्यावर असता तर तो आकडा कुणाच्या नजरेलाही पडला नसता. मेसेज मात्र सुटला तो सुटला. क्षणभराचा चुकीचा आकडा इव्हेंट, म्हणजे घडून गेलेली घटना, झाला की तो परत घेता येत नाही, आणि त्या दुपारी पार्टीचा विश्वास गेला तो मुनीमजींवरचा, माझ्यावरचा नव्हे. याचं मला आजही वाईट वाटतं.

कोनाल एलियट आणि पॉल हुडाक यांनी १९९७ साली अ‍ॅनिमेशनसाठी हास्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत ही फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह पद्धत मांडली, तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बिहेव्हिअर म्हणजे कोणत्याही क्षणी विचारा, उत्तर असतंच. जसा चालू भाव. इव्हेंट म्हणजे ठरावीक क्षणी घडणारं, जसा सौदा. एका क्षणाला बिहेव्हिअरचं उत्तर एकच. माझ्या प्रोग्रामने एकाच क्षणाची दोन उत्तरं दिली होती.

यावर उपाय असा, की कोण कुणावर अवलंबून आहे ते पाहून प्रत्येकाला पायरी द्यायची. भाव पहिल्या पायरीवर, किंमत दुसऱ्या, आडत तिसऱ्या, देणं चौथ्या. बदल आला की खालून वर मोजत जायचं आणि सगळं मोजून झाल्यावरच मेसेज सोडायचा. आधी कळस मग पाया असं होऊ द्यायचं नाही.

याहून अवघड जागा पुढे आहे. दोन काट्यांवर माल उतरतोय आणि दोन्हीकडून एकाच क्षणी "एक कट्टा वाढला", म्हणजे एक पोतं वाढलं, असं आलं. आधी १०० कट्टे होते. प्रत्येक काट्याने स्वतः बेरीज करून "आता १०१" असं पाठवलं, तर कुठलाही आकडा ठेवा, एक कट्टा गेला. शेतकऱ्याचा गेला! म्हणून इव्हेंटमध्ये नवा आकडा ठेवू नका. जुन्यात काय करायचं ते फंक्शन ठेवा. "एक मिळव" आणि "एक मिळव" ही दोन फंक्शनं एकापाठोपाठ लावली की १०२ येतात. हास्केलच्या रिअ‍ॅक्टिव्ह-बनाना लायब्ररीत हे काम 'युनियन्स' करतं. आणि दोन इव्हेंट नुसते एकत्र करायचे असतील, तर 'युनियनविथ' तुमच्याकडून नियमच मागून घेतं: दोन्ही एका क्षणी आले तर काय करू? हा प्रश्न आधी विचारला जातो, यातच मला या पद्धतीचं मोठेपण वाटतं.

तिथलीच एक बारीक गोष्ट. 'स्टेपर'ने इव्हेंटचं बिहेव्हिअर केलं, तर नवं मूल्य त्या क्षणाच्या लगेच नंतर लागू होतं. म्हणजे भाव बदलला त्याच क्षणी वजन झालं आणि पट्टीने, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावतीने, "भाव काय?" विचारलं, तर उत्तर जुनं, ४,०००. त्या दुकानात चाल अशी होती, की सौदा पक्का झाला त्या क्षणापासून नवा भाव. मग मी पट्टीसाठी भाव बिहेव्हिअरमधून घेणं सोडलं. त्या क्षणी भावाचा इव्हेंट आला असेल तर थेट त्यातला, नसेल तरच साठवलेला, अशी जोडणी केली. मुनीमजींनी दोन दिवस प्रत्येक पट्टी वहीशी ताडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी मेसेज पुन्हा सुरू केले.