चित्र आधी की मजकूर? : सचित्र अद्भुत कादंबरी आणि कोकणातला पाऊस

(दृश्य: रत्नागिरी, जुलै. बाहेर मुसळधार. टेबलावर जाडजूड सचित्र कादंबरी.)

उडती बेटं, बोलणारे पर्वत, सात राजघराणी आणि अधूनमधून गुळगुळीत कागदावर एक रंगीत चित्र. असं पुस्तक हातात आलं की आधी चित्रं चाळायचा मोह होतो. तो आवरा.

(दृश्य: पुस्तकाची कड, जवळून.)

रंगीत चित्रं बहुतेक वेळा आर्ट पेपरवर, म्हणजे त्या गुळगुळीत कागदावर, वेगळी छापतात. मजकूर सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत (मोठ्या कागदाला घड्या घालून केलेल्या गठ्ठ्यांत) असतो, आणि चित्राचं पान दोन फर्म्यांच्या मधेच बसवणं सोपं आणि स्वस्त पडतं. म्हणून पान ९० वरच्या लढाईचं चित्र पान ८० नंतरच समोर येतं. राजा पडणार हे दहा पानं आधीच कळलं, मग लढाई वाचायची कशाला! मिटलेलं पुस्तक कडेने पाहिलंत तर आर्ट पेपरची पानं वेगळी ओळखू येतात. तिथे पातळ कागदाची चिठ्ठी घाला, चित्र न पाहता पान उलटा, आणि प्रसंग वाचून झाला की मागे या.

(दृश्य: पिंगुळी, चित्रकथीचा खेळ.)

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथीत हा घोळ होत नाही. निवेदक एक चित्र समोर धरतो, त्याचा प्रसंग गाऊन सांगतो, मगच पुढचं चित्र येतं. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कादंबरी मोठ्याने वाचून दाखवताना चित्राची आणि प्रसंगाची जोडी अशीच ठेवा, फक्त क्रम उलटा : प्रसंग, मग चित्र, आणि चित्र समोर असेपर्यंत त्याच प्रसंगाबद्दल बोलणं.

चित्र पाहताना आधी माणूस किंवा दार शोधा. राक्षस केवढा, ते त्याच्या मापाने कळतं. मग प्रकाश कुठून येतोय ते पाहा. लेखकाने न लिहिलेल्या गोष्टी चित्रकाराला ठरवाव्याच लागतात : किल्ल्याला पायऱ्या किती, चिलखताला बंद कुठे. तलवार मजकुरात डाव्या हातात आणि चित्रात उजव्या, असं झालं तर मजकूर खरा धरा.

(दृश्य: कादंबरीतला नकाशा, त्यावर बटर पेपर.)

नकाशावर बटर पेपर ठेवून किनारा आणि नद्या गिरवा, आणि प्रत्येक प्रकरणानंतर प्रवासाची रेघ पेन्सिलने वाढवा. पुस्तकावर थेट लिहू नका. सपाट रस्त्याने चालणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. पात्रं एका दिवसात शंभर किलोमीटर चालली असतील, तर लेखकाचं गणित चुकलंय किंवा तिथे जादू आहे. नकाशा दोन पानांवर पसरलेला असेल तर मधला भाग शिवणीत जातो. नेमकं महत्त्वाचं बंदर तिथेच असतं. पुस्तक जबरदस्तीने सपाट दाबाल तर शिवण उसवेल, तेवढा तुकडा अंदाजाने गिरवा.

किनाऱ्यावरच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकते : भरती. आपल्याकडे ती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. दोन चंद्रांच्या जगातही खाडी रोज ठरल्या वेळीच भरत असेल, तर तिथे लेखक जरा झोपला होता.

(दृश्य: छताची गळती, ओलं पुस्तक.)

आता पाऊस. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशीचं फावतं, आणि पावसाळ्यात इथे ती त्याहून कितीतरी जास्त असते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं दाटून कोंबू नका. पण सगळ्यांत घातक पाणी आर्ट पेपरला. त्याच्या पृष्ठावर चिनी मातीसारख्या पांढऱ्या द्रव्याचा लेप असतो. भिजला की तो लेप मऊ होतो, समोरासमोरची पानं चिकटतात, आणि तशीच वाळली की वीट होते. मग सोडवायला गेलं की चित्राचा रंग दुसऱ्या पानावर निघून येतो. म्हणून पानं ओली असतानाच प्रत्येक चित्रामागे-पुढे बटर पेपर सरकवा आणि पुस्तक उभं, अर्धवट उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, रंग उडतो. लगेच जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि वेळ मिळाला की बाहेर काढून, बर्फ वितळताच पानं ओली असतानाच सोडवा आणि तशीच बटर पेपर घालून वाळवा.