निंबोळी अर्क, ऊन आणि ओढा

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. परवा पुरंदरात एका वांग्याच्या प्लॉटवर गेलो होतो. शेतकरी दादा म्हणाले, "साहेब, झाडपाल्याचं औषध हे. मागं काय राहतंय?" आणि बोलता बोलता त्यांनी पंप ओढ्याच्या डोहात बुडवून धुऊन काढला. त्यांचं अर्धं बरोबर होतं.

निंबोळी अर्क आपण संध्याकाळी का मारतो? त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारा घटक, उन्हात मोडतो म्हणून. पानावर ते फार टिकत नाही. पण जे ठिबकून मातीत मुरतं, त्याला ऊन कुठलं? तिथं भिस्त जिवाणूंवर आणि उबेवर. प्रयोगात 25 अंशांना मातीतलं अझाडिरॅक्टिन निम्म्यावर यायला सुमारे 20 दिवस लागले, 15 अंशांना 44. म्हणजे पौषातल्या गारठ्यात ते रेंगाळणार. वर्षानुवर्षं साठून राहणारं हे विष नव्हे, एवढं खरं.

दुसरं झाडपाल्याचं कीटकनाशक म्हणजे पायरेथ्रम, ते शेवंतीच्या कुळातल्या फुलांचं. उन्हात तेही झपाट्यानं मोडतं. मातीच्या कणांना चिकटून बसतं, त्यामुळं झिरपून विहिरीत उतरण्याची भीती कमी. मात्र सायपरमेथ्रिनची बाटली त्याच रांगेत बसवू नका. ते फुलातलं नाही. असली औषधं उन्हात टिकावीत म्हणूनच कारखान्यात घडवलेली. दुकानात दोन्ही शेजारी मांडलेली असतात, तिथंच घोटाळा होतो.

आणि पाणी! आपल्या सह्याद्रीत जुनी माणसं गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकायची, मासे गुंगून वर यायचे. तेही झाडाचंच औषध की! पायरेथ्रम तर माशांना फारच जहाल, आणि सावलीतल्या गार पाण्यात त्याला मोडायला वेळ लागतो. दशपर्णीत, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात, आपण कण्हेर, धोतरा घालतो. जनावरानं कण्हेर खाल्ली तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू? त्याच डोहावर गुरं पाण्याला येतात.

त्या दादांना मी एवढंच सुचवलं: पंपात थोडं थोडं पाणी घेऊन तीनदा खळबळायचं आणि ते त्याच प्लॉटच्या कडेच्या ओळीवर मारून टाकायचं. पावसाचं आभाळ असेल तर फवारणी पुढं ढकलायची. विकतची 'जैविक' बाटली असेल तर लेबलवर घटकाचं नाव आणि प्रमाण बघायचं, बिल मागायचं. ते हसले, म्हणाले, "बिलाचं तेवढं अवघड आहे बघा."