खिडकीकडे की खिडकीतून?

नमस्कार श्रोतेहो. आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. 'डाउन बाय लॉ', साल १९८६, दिग्दर्शक जिम जार्मुश. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याची पार्श्वभूमी, सगळं चित्रण कृष्णधवल, आणि गोष्ट तीन कैद्यांची.

तुरुंगाचा सिनेमा म्हटला की आपण पळून जाण्याच्या प्रसंगाची वाट बघत बसतो. भुयार, दोर, पहाऱ्याच्या वेळा. इथे तिघांतला रॉबर्टो म्हणतो, वाट सापडलीय, आणि पाहता पाहता तिघं पळत सुटलेले दिसतात. निसटले कसे, ते दाखवलेलंच नाही! जार्मुशला रस आहे तो एका कोठडीत कोंडलेल्या तीन माणसांत.

झॅक रेडिओवरचा निवेदक. ही भूमिका गायक टॉम वेट्सने केली आहे. जॅक झालेल्या जॉन लूरीने या सिनेमाचं संगीतही दिलंय. दोघांनाही दुसऱ्यांनी खोट्या प्रकरणात अडकवलेलं, म्हणून दोघंही घुमे, चिडलेले, एकमेकांना पाण्यात पाहणारे. त्यांच्यात येऊन पडतो इटलीचा रॉबर्टो, म्हणजे रॉबर्टो बेनिनी. तिघांत खरोखर माणूस मारलाय तो यानेच, बिलियर्ड्सचा चेंडू फेकून. आणि मनाने सगळ्यांत निर्मळही हाच.

त्याला इंग्रजी जेमतेम येतं. ऐकलेली वाक्यं तो वहीत टिपून ठेवतो आणि संधी मिळाली की वापरतो. कोठडीला खिडकी नाही, म्हणून एके दिवशी तो भिंतीवर कोळशाने खिडकी काढतो. मग जॅकला विचारतो, इंग्रजीत कसं म्हणायचं, खिडकीकडे बघतो की खिडकीतून बघतो? जॅक सांगतो, या खिडकीच्या बाबतीत 'खिडकीकडे'च म्हणावं लागेल. मी इथे खळखळून हसलो, आणि हसता हसता घशाशी काहीतरी दाटून आलं. तुरुंगवास म्हणजे काय, ते एका शब्दयोगी अव्ययात आलं की हो!

आणि तो आइस्क्रीमचा प्रसंग. इंग्रजीत 'आइस्क्रीम' आणि 'मी ओरडतो' यांचा उच्चार जवळपास सारखाच. त्यावरचं लहान मुलांचं एक यमक रॉबर्टो म्हणू लागतो. आधी तिघं कोठडीत गोल गोल फिरत ओरडतात, मग आसपासच्या कोठड्यांतूनही तोच गजर उठतो. भाषा न येणाऱ्या माणसाने अख्खा तुरुंग बोलता केला.

छायालेखक रॉबी म्युलर. पळून गेल्यावर तिघं दलदलीत भरकटतात. रंगीत चित्रणात तिथली हिरवाई देखणी वाटली असती. म्युलरच्या करड्या छटांत पाणी, झाडं, आभाळ एकमेकांत मिसळतं आणि दिशाच कळेनाशी होते. वाटेत आसऱ्याला एक झोपडी मिळते. आत पाहावं तर झोपायच्या फळ्या अगदी कोठडीतल्यासारख्याच एकावर एक.

शेवटी रॉबर्टोला निकोलेटा भेटते, तो तिच्यापाशीच राहतो. उरलेले दोघं चालत एका फाट्याशी येतात. तू ज्या रस्त्याने जाशील त्याच्या उलट मी, एवढंच ठरतं, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे चालू लागतो.