भिंतीपलीकडचे अभय

मित्रहो, सरदाराच्या अंगावर आपली सावली पडली एवढ्या अपराधासाठी देहान्ताची शिक्षा सांगणारा कायदा ज्या समाजात होता, त्याच समाजाने त्या शिक्षेतून सुटण्याची वाटही स्वतःच्या हातांनी बांधून ठेवली होती. ती वाट जिथे पोहोचत असे, त्या जागेविषयी आज मी बोलणार आहे. हवाई बेटाच्या पश्चिमेला, कोना किनाऱ्यावर, होनाउनाउ नावाचा छोटासा उपसागर आहे. त्याच्या दक्षिणेला काळ्या लाव्हाची एक सपाट जीभ समुद्रात शिरली आहे आणि त्या जिभेवर पुऊहोनुआ, म्हणजे अभयस्थान आहे. आज सुमारे ४२० एकरांचा हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जपला जातो.

तिथे जाणारा बहुतेक प्रवासी नारळीची झाडे, लाकडी मूर्ती आणि वाळूवर विसावलेली हिरवी समुद्री कासवे पाहून परततो. तेही पाहावेच, पण ‘कापू’ म्हणजे काय हे मनात धरून गेल्याशिवाय ही जागा बोलत नाही, असे माझे मत आहे. कापू म्हणजे निषिद्ध, आणि पवित्रही. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचे नाही, स्त्रियांनी केळी, नारळ आणि डुकराचे मांस खायचे नाही, ठरावीक काळात ठरावीक मासा धरायचा नाही, ‘अलीई’ म्हणजे सरदार-राजघराण्यातील माणसांच्या पावलांवर पाऊल टाकायचे नाही. यातला मासेमारीचा नियम माशांच्या विणीचा काळ राखणारा होता, तर जेवणाचा नियम स्त्रीला पायरीखाली ठेवणारा होता. दोन्हींची शिक्षा मात्र मृत्यूच असू शकत असे. कापू मोडला तर देव कोपतात, मग लाव्हा उसळतो, समुद्र गावात शिरतो, दुष्काळ पडतो, अशी श्रद्धा असल्यामुळे अपराध्याला पकडणे हे साऱ्या गावाचे काम होऊन बसे. सावलीचा विटाळ हा शब्द आपल्याला परका नाही. म्हणून निदान मराठी माणसाने तरी हे ऐकताना हवाईच्या लोकांना रानटी ठरवण्याची घाई करू नये.

आता त्या पळणाऱ्या माणसाची कल्पना करा. जमिनीकडची बाजू राजवाड्याच्या आवाराने अडवलेली, आणि त्या पवित्र आवारात पाऊल टाकणे हाच नवा अपराध. म्हणून अनेकांना उपसागरातून पोहत यावे लागे. जो जिवंत पोहोचला त्याला कोणी हात लावायचा नाही. तिथला पुजारी, म्हणजे ‘काहुना’, त्याचा शुद्धिविधी करी आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी तो माणूस निष्कलंक होऊन घरी परते. लढाईच्या दिवसांत स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे आणि पराभूत योद्धेही इथे येत. विल्यम एलिस हा इंग्रज मिशनरी १८२३ मध्ये इथे आला होता. युद्धकाळात आवाराबाहेर उंच भाल्यावर पांढरे निशाण लावत आणि आत येण्याच्या वाटा नेहमी उघड्या असत, असे त्याने नोंदवले आहे.

राजवाडा आणि अभयस्थान यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे, तिच्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. सोळाव्या शतकातली ही भिंत सुमारे १,००० फूट लांब, १२ फूट उंच आणि काही ठिकाणी १७-१८ फूट रुंद आहे. चुना नाही, माती नाही, कसलाही सांधा नाही. आपल्या कोकणात गडगा रचतात त्याच जातीचे हे काम, फक्त एखाद्या किल्ल्याच्या तटाएवढे. जवळ जाऊन पाहिले की कळते, प्रत्येक दगडाची सपाट बाजू दर्शनी ठेवली आहे, दोन मोठ्या धोंड्यांमधल्या फटीत लहान दगडाची चीप घट्ट बसवली आहे, आणि दगडावर लाव्हातून निसटलेल्या वायूच्या बुडबुड्यांची बारीक भोके अजून स्पष्ट दिसतात. सह्याद्रीत गड चढलेल्या माणसाला हा दगड ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख खरी आहे. दख्खनचा काळा पाषाण हाही थिजलेला लाव्हाच आहे. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा मावना लोआ ज्वालामुखीने त्या मानाने कालपरवा ओतलेला.

या भिंतीच्या समुद्राकडच्या टोकाला ‘हाले ओ केआवे’ हे मंदिर आहे. हवाईच्या श्रद्धेनुसार माणसाची ‘माना’, म्हणजे दैवी सामर्थ्य, त्याच्या अस्थींत उरते. या मंदिरात २३ अलीईंच्या अस्थी ठेवल्या होत्या आणि त्यांच्या सामर्थ्यानेच अभयस्थानाचे अभय टिकते, असे लोक मानत. आज दिसणारे मंदिर मूळचे नव्हे. ते १९६० च्या दशकात जुनी वर्णने आणि चित्रे ताडून पुन्हा उभारले आहे.

मूळ मंदिर का गेले, हे सांगताना काआहुमानू या राणीचे नाव घ्यावे लागते. हवाईचा राजा पहिला कामेहामेहा याची ही लाडकी राणी एकदा त्याच्याशी भांडून इथे पोहत आली आणि एका प्रचंड शिळेखाली लपली, पण तिचा कुत्रा भुंकला आणि ती सापडली, अशी कथा आहे. ती शिळा आजही दाखवतात. १८१९ मध्ये कामेहामेहा वारला. त्यानंतर काआहुमानू आणि दुसरी राणी केओपुओलानी यांच्या आग्रहाने त्याचा मुलगा, तरुण राजा लिहोलिहो सर्वांदेखत स्त्रियांच्या पंगतीत जेवायला बसला, आणि त्या एका जेवणाने कापूची सारी व्यवस्था कोसळली. पहिले अमेरिकन मिशनरी पोहोचले ते पुढच्या वर्षी. म्हणजे हा निर्णय त्यांच्या येण्याआधीचा, हवाईच्या लोकांचा स्वतःचा होता, आणि त्यात दोन स्त्रिया पुढे होत्या, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे ख्रिस्ती झालेल्या याच काआहुमानूने १८२९ मध्ये इथल्या अस्थी हलवायला लावल्या आणि मंदिर मोडले गेले. जिने इथे आसरा घेतला तिनेच हे घर मोडावे याचे मला दुःख होते. पण केळे खाण्यासाठी मरणाची भीती बाळगावी लागलेल्या स्त्रीला त्या व्यवस्थेविषयी काय वाटत असेल, हेही मी विसरू शकत नाही.

१९६१ मध्ये उद्यान स्थापन झाले तेव्हा त्याला बायबलमधल्या ‘आश्रयनगरां’वरून इंग्रजी नाव दिले होते. १९७८ मध्ये ते बदलून जागेचे मूळ हवाईयन नाव परत आणले गेले. या बदलाला मी पुनर्बांधणीइतकेच महत्त्व देतो, कारण नाव उसने असले की अर्थही उसनाच राहतो.

आपल्यापैकी कोणी तिथे जाणार असेल तर भिंतीवर चढू नये, कासवांपासून लांब राहावे, आणि अभयस्थानाच्या आवारात चटई पसरून डबा उघडू नये. त्यासाठी दक्षिणेला वेगळी जागा आहे. राजघराण्याच्या होड्या जिथे लागत, त्या छोट्या पुळणीवर पोहणेही टाळावे. शक्य झाल्यास दुपार कलल्यावर जावे. मी गेलो तेव्हा उन्हे उतरली होती आणि मंदिराबाहेर नैवेद्यासाठी उभारलेल्या लाकडी मचाणावर ‘टी’ नावाच्या तिथल्या झुडपाच्या रुंद पानांत बांधलेले एक पुडके होते. पाने अजून हिरवीगार होती. त्याच दिवशी कोणीतरी येऊन ते ठेवून गेले होते.