किल्ली कुलपात आणि कळ पोटात

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'मूत्राशय आणि मन' असा छापलाय. मन थोडं थांबेल, मूत्राशय कुणासाठी थांबत नाही, म्हणून आधी तेच घेते. इथे शिरताना खुर्चीच्या आधी बाथरूम कुठे आहे हे किती जणींनी पाहून ठेवलं? हात वर करू नका, हसलात त्यातच कळलं.

एका वाक्यावर माझा जुना राग आहे: 'निघतेच आहे, तर जाऊन येते.' ऐकायला किती शहाणपणाचं! मोठ्या बाईच्या मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली जाणीव होते. ती नुसती वर्दी असते, हुकूम नव्हे. पण निघताना एकदा, पोचल्यावर एकदा, परतताना पुन्हा, असं दर वेळी शंभरावरच रिकामं करत राहिलात की त्याला तेवढ्याचीच सवय लागते. मग शंभरालाच ते थयथयाट करतं. जागेपणी सात-आठ वेळा जाणं ठीक. पंधरा वेळा जाणारीचं मूत्राशय बहुतेकदा लहान नसतं, लाडावलेलं असतं.

आता कुलपाचं. वाटेत अर्धा तास काही नव्हतं, दाराशी आलं, किल्ली फिरवली आणि कळ अशी आली की उंबऱ्यातच कपडे भिजले. त्या अर्ध्या मिनिटात लघवी वाढली का? नाही. किल्ली म्हणजे संडास, अशी गाठ मेंदूने मारून ठेवली आहे. नळ सोडल्याच्या आवाजानेही काहींचं हेच होतं. अशा वेळी धावायचं नाही. धावलं की पोटाचा दाब वाढतो आणि गळतं. जागच्या जागी थांबा, जमलं तर बसा. वारा अडवताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा झटझट आवळून सोडा, त्याने मूत्राशयाचा स्नायू सैलावतो. मनात शंभरातून सात-सात वजा करत जा. कळ ओसरली की मग सावकाश चालत जा.

हे जमायला आधी वही हवी. तीन दिवस प्रत्येक वेळची नोंद करा: किती वाजता, किती मिलिलिटर, काय प्यायलं, गळलं का. गंमत अशी, की मापाचं भांडं सोडून सगळ्या जणी 'खूप', 'बेताची' असंच लिहून आणतात! भांड्यानेच मोजा. तासाला जात असाल तर पहिला आठवडा सव्वा तास थांबा, मग दर आठवड्याला 15 मिनिटं वाढवा. निदान सहा आठवडे लागतात. पाणी मात्र तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, आणि बद्धकोष्ठ झालं तर मागून दाब येतो तो वेगळाच.

खोकताना, शिंकताना गळतं त्यांच्यासाठी अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली मांडलेला व्यायाम आहे. वारा अडवायचे तेच स्नायू आठ वेळा आवळायचे, दिवसातून तीनदा, तीन महिने. चूक ठरलेली: श्वास रोखतात आणि नितंब आवळतात. चालू लघवी मध्येच अडवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर आता मन.

मेंदूच्या देठात लघवीचं एक केंद्र आहे, बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने 1925 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलेलं. तिथल्या बऱ्याच पेशी सीआरएफ नावाचं रसायन वापरतात, आणि शरीराची ताणाची यंत्रणा तेच रसायन जागी करतं. म्हणजे कळ आणि काळजी एकाच वाड्यातल्या बिऱ्हाडकरू. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्याचं औषध मूत्रमार्गाचं तोंड आवळणाऱ्या स्नायूलाही बळ देतं, ते उगाच नव्हे. उलट बाजूही तितकीच खरी. रात्री तीनदा उठणारीची झोप मोडते. प्रवास, व्यायाम, जवळीक, एकेक सुटत जातं आणि मन खचतं. घाईच्या कळेचं नैराश्याशी नातं खोकल्याच्या गळतीपेक्षा घट्ट दिसतं. माझ्या मते कारण सोपं आहे: खोकला आधी कळतो, कळ दबा धरून बसते.

म्हणून 'टेन्शन घेऊ नका' हा उपचार नव्हे. लघवीसाठी आलेल्या बाईला झोप आणि मन विचारा, मनासाठी आलेल्या बाईला लघवी. अमिट्रिप्टिलिन या नैराश्याच्या औषधाने लघवी तुंबू शकते, ऑक्सिब्युटिनिन या घाईच्या कळेवरच्या औषधाने वयस्कर बाईचा विसराळूपणा वाढू शकतो. दोन्ही डॉक्टरांना औषधांच्या दोन्ही चिठ्ठ्या दाखवा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्त, ताप, जळजळ किंवा लघवी अडणं असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या.

प्रश्नांना दोनच मिनिटं उरलीत. मागच्या रांगेतून उठताय त्यांनी आधी पाच वेळा आवळा. तरी जावंसं वाटलं तर खुशाल जा, दार डावीकडे आहे.