वाळलेलं झाड

मंडळी, एक कबुली आधीच देऊन टाकते. झाडांवर बोलायला तुम्ही जिला बोलावलंय, तिनं एकदा एक जितंजागतं झाड तोडण्यासाठी अर्ज केलेला आहे. रीतसर, दोन प्रतींत, शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करून. 'कुंपणालगतचे झाड पूर्णपणे वाळलेले असून पडण्याचा धोका आहे' हे वाक्य माझंच. महिना फेब्रुवारीचा होता आणि झाडावर डिसेंबरपासून एक पान नव्हतं. तो अर्ज कचेरीतल्या कुठल्या फायलीखाली गेला देव जाणे. दिरंगाईचे आभार मानायची वेळ आयुष्यात एकदाच आली, ती ही.

एप्रिलमध्ये बागकामाला येणाऱ्या मावशींनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तोडायचं कशापायी? मोई हाय ती. पाऊस लागू द्या, मग बघा."

मग मी बघितलं. म्हणजे तोवर बघितलंच नव्हतं. फांद्यांच्या टोकांना वाटाण्याएवढ्या लालसर फळांचे घोस लोंबत होते आणि दोन बुलबुल त्यात डोकं खुपसून बसले होते. वाळलेल्या झाडाला फळं! मग फुलं कधी येऊन गेली? ते कळायला पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं. बारीक, पिवळट-हिरवी फुलं, फांद्यांच्या शेंड्यांना तुऱ्यांनी आलेली. आदल्या वर्षी मी अर्ज खरडत होते, तेव्हा हे झाड फुलत होतं.

मोईला कुणी शेमट म्हणतं, कुणी शिमटी. हिची नर आणि मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात. आमची मादी, हे फळांनी सांगितलंच.

चूक माझी एकटीची नव्हती, असं म्हणून मी जरा सुटका करून घेते. लहानपणीच्या चित्रांतली झाडं थंडी आली की पिवळी होऊन गळतात, मग बर्फ, मग वसंतात सगळं हिरवंगार. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून बाकीचं चित्र आपण तसंच ठेवून दिलं. खरं तर आपल्या भाषेनं वेगळं काही सांगून ठेवलंय. पानगळ शिशिराची आणि पालवी चैत्राची. चैत्र म्हणजे मार्च-एप्रिल. ऊन तापायला लागलेलं, विहिरी खाली गेलेल्या, पाऊस अजून दोन महिने लांब. अशा वेळी कोवळी पानं काढायची? कुठल्याही शहाण्या माळ्याला विचारा, तो म्हणेल हा वेडेपणा आहे.

पानगळीचं कोडं सोपं आहे. पानाच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत येते आणि पाणी वाफ होऊन बाहेर जातं. जमीन कोरडी पडली की हा खर्च परवडत नाही. पण झाड पान नुसतं टाकत नाही. आधी त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस असा कामाचा ऐवज फांदीत परत ओढून घेतं. हिरवा रंग मोडतो, पिवळा उघडा पडतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. पाणी तुटल्यामुळे पान मरून गळतं असं आपल्याला वाटतं, पण गळणं हे झाडानं केलेलं काम आहे. ज्या फांदीवर पानं वाळून करपलीत पण गळत नाहीत, ती फांदी बहुधा मेलेली असते.

गळलेल्या पानाची खूण फांदीवर राहते. मोईची जाड काडी जवळून बघा. त्या खुणेत बारीक ठिपके दिसतील, त्या पानात जाणाऱ्या नळ्या. आणि खुणेच्या वरच्या कुशीत एक छोटी गाठ असते, तो पुढचा कोंब. भिंग नसलं तरी चालतं, चष्मा पुसून घ्या.

आता पालवी. पानं गळल्यामुळे बाहेर जाणारं पाणी थांबतं, मुळं खोलवरून थोडं थोडं खेचत राहतात आणि खोडात पुन्हा साठा होतो. दिवस मोठा होऊ लागतो, आणि त्या साठ्यावर पिंपळ, कोशिंब, कडुनिंब पावसाची वाट न बघता पालवतात. पण एवढी घाई कशाला? याचं एक उत्तर मुरली आणि सुकुमार या शास्त्रज्ञांनी दक्षिणेत मुदुमलाईच्या जंगलात शोधलं, १९९३ साली ते प्रसिद्ध झालं. पाऊस पडला की पानं खाणारे किडे एकदम वाढतात. ज्या झाडांनी पावसाआधीच पानं काढली, त्यांची पानं किड्यांनी कमी खाल्ली. पाऊस येईपर्यंत ती पानं जून झालेली असतात, म्हणजे चावायला चिवट. शिवाय पहिल्या सरीपासून कामाला तयार.

मग मोईच अशी मागे का राहते? तिचं गणित निराळं. ती पाण्याचा धोका पत्करत नाही, किड्यांचा पत्करते. एकाच कुंपणाजवळ उभ्या असलेल्या दोन झाडांचे हे दोन हिशेब आहेत, आणि दोघंही कित्येक वर्षं उभी आहेत.

पिंपळाची पालवी मात्र एकदा मुद्दाम उभं राहून बघा. आठवडाभराचाच खेळ असतो. टोकाशी एक अणकुचीदार कळी, तिच्यावर पातळ आवरण. ते गळून पडतं आणि आत दुमडलेलं पान सुटं होतं, तांबूस गुलाबी, ओल्या रेशमासारखं लुळं, टोक खाली करून लोंबणारं. सकाळी नऊच्या उन्हात त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं, म्हणजे ऊन पानातून गाळून येतं. कोशिंब तर अख्खा लाल होतो, लांबून लोक म्हणतात काय फुललाय! तो फुललेला नसतो, पालवलेला असतो. हा लाल रंग कोवळ्या पानाचं कडक उन्हापासून रक्षण करतो की किड्यांना दूर ठेवतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. झाडाला दोन्ही हवं असेल, असं आपलं मला वाटतं.

निष्पर्ण फांदीवर फुलण्यातही शहाणपण आहे. पळस, पांगारा, काटेसावर यांची फुलं पक्ष्यांसाठी असतात आणि पानांचा पडदा नसला की लाल रंग लांबून दिसतो. सावरीखाली सकाळी पंधरा मिनिटं थांबा. साळुंक्या, कावळे, शिंजीर, खार, सगळ्यांची ये-जा. आणि मधूनच ते मांसल फूल अख्खंच्या अख्खं 'थप्' करून खाली पडतं, दचकायला होतं. पळसाला पाने तीनच, हे आपण दिवसातून दोनदा म्हणतो, पण पळसाचं पान हातात घेऊन ती तीन दलं मोजलेले किती जण आहेत इथे? हात वर करू नका, राहू द्या.

पावसाळ्याबद्दल मी फार बोलणार नाही. त्याचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. फक्त सागाविषयी सांगते, कारण तिथेही आपण माझ्यासारखाच अर्ज लिहितो. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावरचे साग एकाएकी तपकिरी दिसायला लागतात आणि लोक म्हणतात रोग पडला. पान उचलून बघा, मधला हिरवा गर गेलेला आणि शिरांची जाळी शाबूत, जरीच्या कापडासारखी. एका छोट्या पतंगाच्या अळ्यांचं हे काम. सागानं आपली बरीचशी कमाई तोवर करून घेतलेली असते, त्यामुळे तो यानं सहसा मरत नाही. बागेतल्या भोकं पडलेल्या पानांनाही हेच लागू. एक पान कुरतडलेलं दिसलं की फवारणीचा पंप काढणाऱ्यांनी फुलपाखरांच्या बागेबद्दल बोलू नये. फुलपाखरू आधी अळीच असतं ना!

आणि तो पाचोळा जाळणं बंद करा, कृपा करून. झाडानं अर्धा ऐवज परत घेतलेला असला तरी उरलेला त्या पानांत असतो. तो मातीला मिळायचा, आपण त्याचा धूर करून शेजाऱ्याला खोकला देतो.

तुम्ही विचाराल, आम्ही करायचं काय? नावं पाठ करू नका, निदान सुरुवातीला. एक झाड निवडा, रोज जाता-येता दिसणारं. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी थांबा आणि लिहा: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं; आहेत की नाहीत, थोडी की पुष्कळ. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातली माणसं आणि शाळांतली मुलं हेच करतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ पासून आपल्या आवारातली पहिली पानं, पहिली फुलं टिपायला घेतली. पुढे त्याच्या घराण्यानं ते १९५८ पर्यंत चालवलं. आज हवामान बदलावर काम करणारे लोक त्या नोंदी उघडून बसतात. मार्शमला हवामान बदल ठाऊक नव्हता, त्याला फक्त ओकला पान कधी फुटलं हे बघायचं होतं.

माझी वही एवढी मोठी नाही. तिच्यात 'मोईला पहिलं पान' असा एक रकाना आहे. २९ मे, ९ जून, २ जून, ११ जून. ज्या वर्षी वळवाचा एक चांगला सडाका पडला, त्या वर्षी लवकर. यंदाचा रकाना अजून कोरा आहे. आज निघताना बघून आले. फळं बहुतेक संपलीत, बुलबुलही नाहीत, आणि शेंड्याच्या गाठी कालच्यापेक्षा किंचित फुगल्यासारख्या वाटल्या. पण कालही मला तसंच वाटलं होतं.