ओल वर दिसू द्या

मदिनेचा बाजार. धान्याचा ढीग, वरून अगदी कोरडा. पैगंबर मुहम्मद तिथं थांबतात, ढिगात हात घालतात. बोटांना ओल लागते.

'हे काय?'

'पावसानं भिजलंय.'

'मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो, तो माझा नव्हे.'

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातला, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहातला, हा प्रसंग. भिजलेलं विकूच नकोस, असं ते म्हणाले नाहीत. दाखवून विक, म्हणाले. जुनं यंत्र डागडुजी करून नवं म्हणून खपवणाऱ्याला, छुपे आकार तळाच्या बारीक अक्षरांत ढकलणाऱ्याला हे आजही तितकंच लागू आहे. कुराणाची 83वी सूरह, म्हणजे अध्याय, तर सुरूच होते मापात पाप करणाऱ्यांपासून.

आता भांडवल. अंगात कसब आहे, हातात पैसा नाही, अशा माणसानं काय करावं? इस्लामी व्यवहारात याला मुदारबा आहे. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफ्याची रक्कम आधी ठरवता येत नाही. ठरतं ते वाटणीचं प्रमाण, समजा 60-40. धंदा बुडाला तर पैसा भांडवल घालणाऱ्याचा जातो, मेहनत करणाऱ्याची मेहनत. त्यानं हलगर्जीपणा केला नसेल, करार मोडला नसेल, तर त्याच्या डोक्यावर कर्ज उरत नाही. व्याज निषिद्ध का, ते इथं कळतं. धंदा बुडाला तरी व्याजाचं मीटर चालूच राहतं.

आज इस्लामी बँकांचा मोठा व्यवहार मुराबहावर चालतो. बँक वस्तू विकत घेते, ठरलेला नफा चढवून ग्राहकाला हप्त्यांनी विकते. शरियतच्या चौकटीत ते बसतं. पण नव्या उद्योजकाला खरी गरज असते जोखमीत वाटा उचलणाऱ्याची, आणि मुदारबा मागं पडतो याची मला खंत वाटते.

दोन मित्र धंदा सुरू करतात, तेव्हा कागदाचा विषय काढायलाच अवघड वाटतं. 'आपल्यात काय लिहायचं?' कुराणातली सर्वांत लांब आयत (वचन), दुसऱ्या सूरहमधली 282वी, नेमकी यावरच आहे. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. त्याच्या दोनच आयती आधी सांगितलंय की देणेकरी अडचणीत असेल, तर त्याला सवड द्या.

आणि कागदावरचा मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्यानंच, त्यातलं काहीही कमी न करता.